तुमची फरशी कधी येते?

या, असे लांब लांब बसू नका. पुढे सरका. सतरंजी मोठी आहे, आणि कथा ऐकायला बसलेल्या माणसाने शेजारच्याचा गुडघा लागला तर वाईट वाटून घेऊ नये. आजची कथा पुराणातली नाही. देव यात आहे, पण तो आपलं नाव न सांगता येऊन जातो. ऐकता ऐकता तुमचा हात दोन-तीनदा आपसूक तोंडावर जाईल, हे आधीच सांगितलेलं बरं. आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. पैशाअडक्याचं नाही, घाबरू नका.

तर ऐका.

"बाबा, इथे फरशीच नाहीये."

बाळकृष्ण आंगणे त्या वेळी एका परक्या स्वयंपाकघरात, परक्या फ्रीजमध्ये दुधाचा डबा ठेवत होता. मुलीचा फोन म्हणून त्याने कानातलं कीर्तन थांबवलं होतं आणि खांद्याने फोन कानाशी दाबून धरला होता.

"काय नाहीये?"

"फरशी हो. फ्लोअरिंग. खाली नुसतं सिमेंट आहे."

"अगं, सिमेंट कसं असेल? आपण व्हिडिओत बघितली की लाकडी फरशी, मधासारखी पिवळी. तू भलत्याच घरात शिरली असशील. बाहेर ये आधी, नंबर बघ दारावरचा."

"बाबा, चावी लागली ना पण."

चावी लागली म्हटल्यावर वाद संपला. किल्ल्यांशी त्याचा जन्मभराचा संबंध. जेद्दाच्या वर, समुद्रकाठच्या थुवालला जे मोठं विद्यापीठ आहे, तिथल्या वसाहतीत घरं तयार करून देणं हे त्याचं काम. एक संशोधक कुटुंब देश सोडून गेलं की बाळकृष्ण त्या घरात शिरायचा. नळ गळतो का, एसी गार करतो का, दिवे लागतात का, सगळं तपासायचा आणि नव्या माणसाच्या हातात किल्ली ठेवायचा. दूध आणि केळी मात्र कामात नव्हती. ती त्याची स्वतःची रीत. नवं बिऱ्हाड रिकाम्या घरात शिरू नये, घरात पांढरं दूध आणि पिवळं फळ असावं, म्हणून तो ती गुपचूप ठेवून यायचा. मुदीरने, म्हणजे तिथल्या साहेबाने, एकदा विचारलं होतं, हे काय? बाळकृष्ण म्हणाला होता, "सर, वेलकम." मुदीर हसला आणि पुढे कधी काही बोलला नाही.

आणि आज त्याची एकुलती एक लेक, नूपुर, हॉलंडमधल्या ग्रोनिंगन नावाच्या गावात, आयुष्यातल्या पहिल्या स्वतःच्या भाड्याच्या घरात उभी होती. आणि त्या घराला फरशी नव्हती.

"व्हिडिओ लाव," तो म्हणाला.

नूपुरने फोन फिरवला. बाळकृष्णाने बघितलं आणि त्याच्या हातातली केळ्यांची फणी ओट्यावर आपटली. करडं, ओरखडलेलं सिमेंट. कोपऱ्यात गोंदाचे खरवडलेले डाग. खिडकीला पडदा नाही. पडदा सोडा, पडद्याचा दांडा नाही. रस्त्यावरून सायकलवाले आत बघत चाललेले. शेगडीच्या जागी भिंतीतून आलेला पाइप आणि त्याला टोपण. आणि वर छताला, जिथे काचेचा छान दिवा बघितला होता, तिथे दोन वायरी लोंबत होत्या.

"सिराज!" बाळकृष्ण ओरडला. "अरे सिराज, खाली उतर! चोरी झाली! पोरीच्या घरातून फरशी चोरली!"

सिराजुद्दीन शेजारच्या खोलीत शिडीवर होता. मूळचा खेडकडचा, वायरमन. दोघं एकाच बॅचला सौदीत आले, एकाच खोलीत राहिले, एकमेकांच्या लग्नाला मात्र दोघांनाही सुट्टी मिळाली नाही. तो पेचकस हातात घेऊनच आला आणि फोनमध्ये डोकावला.

"फरशी कोन चोरील रे बाळू? येडा झालास काय? चोर सोना नेतो, टीव्ही नेतो. फरशी उपसत बसला तर सकाळ नाय व्हायची?" मग त्याची नजर छताकडे गेली आणि तोही दचकला. "नूपुर बेटा, त्या वायरीला हात लावू नको हां! बिल्कुल नाय! लांब उभी रहा!"

"मी लांबच आहे, चाचा," नूपुर म्हणाली, आणि तिचा आवाज तुटला. "बाबा, मी आज कुठे झोपू? रेवाच्या रूमवर आजपासून तिची आई येणारेय. मी बॅगा घेऊन निघालेय तिथून."

झालं. प्रश्न एवढाच होता, बाकी सगळं त्याच्या मागून येणारं. पोरगी आज कुठे झोपणार?

आता हे घर मिळालं कसं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाप बेफिकीर होता. त्या गावात म्हणे विद्यार्थी फार आणि खोल्या थोड्या. एका खोलीचं घर, त्याला स्टुडिओ म्हणतात. जाहिरात पडायची आणि चहा गाळून होईपर्यंत नाहीशी व्हायची. मालकाला आपली ओळख लिहून पाठवायची. मी कोण, काय शिकते, स्वभाव शांत आहे, सिगारेट ओढत नाही, मांजर पाळत नाही. नूपुरची आई सुनीता एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, पोरीला दाखवण्याचे कार्यक्रम करायचे नाहीत असं आपण ठरवलं होतं ना? आता एका खोलीसाठी दाखवतोय." पत्रांमागून पत्रं गेली. बहुतेकांनी नकारसुद्धा कळवला नाही. नूपुर पुण्यातलं शिक्षण संपवून तिकडे पोचली, कॉलेज सुरू झालं, रेवा नावाच्या नाशिकच्या मैत्रिणीच्या जमिनीवर अंथरूण टाकून राहिली, तरी घर नाही. आणि एक दिवस एका एजंट बाईचा निरोप आला. तळमजल्यावरची एक खोली आहे, बघणार का?

व्हिडिओवर तिघांनी मिळून बघितलं. लाकडी फरशीवर ऊन पडलं होतं. एजंट बाई फोन फिरवत होती, आणि एक म्हातारा हात मध्येच येऊन खुर्ची बाजूला करून गेला, तेवढाच आधीच्या भाडेकरूचा काय तो मागमूस. सुनीता म्हणाली, "किती छान आहे गं. पाय टेकावासा वाटतो." घर ठरलं.

मग एजंटने विचारलं, आधीच्या भाडेकरू विचारतायत, त्यांच्या काही गोष्टी तुम्हाला ठेवून घ्यायच्यात का? नसतील तर त्या घर रिकामं करून देतील.

आणि इथे बाळकृष्ण ताठ झाला.

का ताठ झाला, हे परदेशात राबलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. जेद्दाच्या त्यांच्या घरात एक वस्तू नवी नव्हती. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला, कुणी कायमचं निघालं की त्याचा संसार इतरांनी वाटून घ्यायचा, हीच तिथली पद्धत. सुनीता पाहुण्यांना हसत हसत सांगायची, "बसा ना. हा सोफा हैदराबादच्या डॉक्टरांचा. फ्रीज मलबारी मास्तरांचा. मिक्सर कुणाचा ते आता आठवत नाही, पण चांगल्या बाई होत्या." ती हसायची. बाळकृष्णाला हसू यायचं नाही. तो पहिल्यांदा आला तेव्हा कॅम्पमध्ये त्याला जी खाट मिळाली, तिच्या उशीला आधीच्या माणसाच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. तो माणूस तिथेच वारला होता. पहिली रात्र बाळकृष्णाने उशी पायाशी ठेवून काढली. दुसऱ्या रात्री डोक्याखाली घेतली, कारण मान दुखत होती. तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होती. आपण निभावलं ते निभावलं. पोरीच्या पहिल्या घरात कुणाचं उरलंसुरलं नको.

"लिही," त्याने नूपुरला सांगितलं. "एकही वस्तू नको. घर पूर्ण रिकामं आणि स्वच्छ पाहिजे. मागे काहीही राहता कामा नये."

"बाबा, काय काय आहे ते एकदा विचारूया का?"

"विचारायचं नाही. विचारलं की भीड पडते."

तिने लिहिलं. वडील या कामातले, म्हणून शब्द न बदलता लिहिलं.

आता बाळकृष्णाने तिलाच एजंटला फोन लावायला सांगितलं आणि स्वतः मध्ये जोडला गेला. एजंट बाईंचा आवाज प्रसन्न होता. किल्ली मिळाली का? घर आवडलं का?

"मॅडम," बाळकृष्ण इंग्रजीत म्हणाला, "घरात फरशी नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळं काढायला सांगितलं होतंत ना?"

"सामान काढायला सांगितलं होतं! फरशी म्हणजे सामान आहे का?"

"म्हणजे काय? फरशी त्यांचीच होती. इथे माणूस घर सोडतो तेव्हा आपली फरशी, दिवे, पडदे घेऊन जातो. नाहीतर नव्या माणसाला देतो. तुम्हाला विचारलं होतं." आणि मग मनापासून, "त्यांनी फार नीट केलंय हं काम. आम्ही तपासलं. एक खिळासुद्धा ठेवला नाही."

बाईंनी फोन ठेवला. बाळकृष्ण सिराजुद्दीनकडे बघत राहिला, सिराजुद्दीन त्याच्याकडे. मंडळी, आपण बोलताना म्हणतो पायाखालची वाळू सरकली. पण अख्खा देशच्या देश घर बदलताना पायाखालची फरशी गुंडाळून काखेत मारून निघतो, हे कुणी ऐकलंय? बाळकृष्ण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आला होता, देह म्हणजे भाड्याची खोली, बोलावणं आलं की सोडायची. तो मान डोलवायचा. पण जाणारा भाडेकरू फरशीसुद्धा नेतो, हे एकाही बुवाने सांगितलं नव्हतं.

"म्हंजे चोरी नाय," सिराजुद्दीन हळूच म्हणाला. "तूच सांगितलंस आनि त्यांनी केला."

"गप रे."

"गप बसतो. पन पोरीचा काय?"

तेवढ्यात अजान झाली. सिराजुद्दीनने पेचकस खिशात घातला. "जाऊन येतो. पोरीसाठी मागतो काय तरी. तू पन तुझ्या विठोबाला सांग. दोघांकडून अर्ज गेलेला बरा."

तो गेला. बाळकृष्णाने विठोबाला काही सांगितलं नाही. त्याला राग आला होता. असली कसली माणसं? जनावराच्या गोठ्यातसुद्धा खाली काही असतं. एक पोरगी एकटी येणार हे माहीत असताना छताचा दिवा काढून नेणारी बाई कसली असेल? त्याने नूपुरला बजावलं, एजंटला सांग, आधीच्या बाईंचा नंबर दे, मला बोलायचंय. नंबर द्यायचा नियम नव्हता, पण एजंटने निरोप पोचवला. ती बाई म्हणे जवळच राहते. येऊन जाईल.

आणि खरंच आली. सिराजुद्दीन नमाजहून परतला तेव्हा फोनच्या पडद्यावर दारात एक म्हातारी उभी होती. उंच, वाकलेली, निळा रेनकोट, सायकल भिंतीला टेकवलेली. आनेके तिचं नाव. तिने आत पाऊल टाकलं, सूटकेसवर बसलेल्या नूपुरकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली.

"तुमची फरशी कधी येते?" तिने विचारलं.

"आमची फरशी?"

"हो ना. तुम्ही लिहिलं होतं काहीच नको. मला वाटलं, मुलीचे वडील सौदी अरेबियात आहेत, ते काहीतरी फार सुंदर पाठवत असतील. गालिचे वगैरे."

फोनमधून बाळकृष्ण घसा खाकरून पुढे झाला. त्याने चार खरमरीत वाक्यं इंग्रजीत जुळवून ठेवली होती. पण आनेकेचं लक्ष फोनकडे गेलं आणि ती आधी बोलली.

"तुम्ही वडील का? सांगा ना, नीट झालंय का साफ? गोंद फार घट्ट होता. माझा भाचा दोन दिवस खरवडत होता. तुम्ही लिहिलं होतं, मागे काहीही राहता कामा नये. मी फार काळजी घेतली. काही राहिलं तर नाही ना?"

ती खरंच विचारत होती. कपाळाला आठ्या घालून, भिंतीच्या कडेला वाकून बघत विचारत होती.

बाळकृष्णाने ती चार वाक्यं सोडून दिली. "नाही," तो म्हणाला. "काही राहिलं नाही." आणि मग, कशाला कोण जाणे, त्याने विचारलं, "ती फरशी... आता तुमच्या नव्या घरी आहे का?"

"नाही हो. मी आता वृद्धांच्या घरात राहते, तिथे त्यांची फरशी आहे. नगरपालिकेच्या टाकाऊ लाकडात गेली ती." तिने रेनकोटाचं वरचं बटण काढलं, परत लावलं. "हेंकने घातली होती. माझा नवरा. त्याला जिने चढवेनात म्हणून आम्ही मोठं घर सोडून या एका खोलीत आलो. फरशी मीच घालणार म्हणाला. गुडघ्यांवर बसून, दोन फळ्या झाल्या की दम खात. शेवटची ओळ लावली आणि म्हणाला, आता यावर कुणीही नाचा. मग तो तीनच महिने होता." ती हसली. "मला वाटलं होतं, तरुण मुलगी येतेय, तर ती चालेल त्यावर. पण तुम्हाला नको होती. ठीक आहे. असतं एकेकाचं."

मायबाप, या वेळी बाळकृष्णाला दचकायलासुद्धा जमलं नाही. तो त्या परक्या स्वयंपाकघरात, स्वतः पुसून लख्ख केलेल्या फरशीवर उभा होता. आयुष्यभर त्याने लोकांना सांगितलं होतं, मागे काही ठेवू नका. गेलेल्या माणसाच्या भिंतीवरचे मुलांच्या उंचीचे पेन्सिलने मारलेले पट्टे त्याने स्वतःच्या हाताने रंगवून टाकले होते. ते त्याचं काम होतं आणि ते चोख होतं. पण जाणाऱ्याने मागे ठेवलेलं सगळंच उरलंसुरलं नसतं, हे आज एक म्हातारी त्याला न रागावता सांगत होती, आणि उशीर झाला होता.

"भाभीजी," सिराजुद्दीन न राहवून मागून हिंदीत बोलला, "माफ करना. इसको मालूम नहीं था."

भाषा तिला कळली नसावी. सूर कळला. तिने नूपुरच्या दंडावर हात ठेवला. "तू फरशी आणलीच नाहीस? दिवाही नाही? मग झोपणार कुठे?" आणि उत्तर येण्याआधीच "थांब" म्हणून ती सायकलवर बसून गेलीसुद्धा.

मध्ये सुनीताला फोन जोडला. तिने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला, "अहो, विचारायचं तरी, काय काय आहे म्हणून!" एवढंच बोलली. तेवढं पुरेसं होतं.

आनेके परत आली ती सायकल हाताने ढकलत. कॅरिअरवर गुंडाळलेली तंबूतली गादी, एक टेबलावरचा दिवा, थर्मास. आणि हँडलला दोरीने बांधलेली एक लाकडी फळी. मधासारखी पिवळी.

"ही एक मी ठेवली होती," ती म्हणाली. "शेवटच्या ओळीतली. करवतीने थोडी वाकडी कापलीय बघ, तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले होते. माझ्याकडे कपाटामागेच पडून होती. तुझ्याकडे राहू दे."

नूपुरने गादी सिमेंटवर पसरली. दिवा भिंतीतल्या प्लगला लावला, तो लागला. तिकडे थुवालला सिराजुद्दीन "माशाल्ला" म्हणाला, जणू त्यानेच वायर ओढली होती. पोरगी आज कुठे झोपणार, याचं उत्तर मिळालं होतं. पण आनेके तशीच उभी होती, थर्मास छातीशी धरून.

"नूपुर," जेद्दाहून सुनीताचा आवाज आला, "अगं, घरी आलेल्या माणसाला उभं काय ठेवलंस? त्यांना पाट दे बसायला!"

"आई, पाट कुठून आणू मी इथे? काहीच नाहीये घ—"

ती थांबली. फळीकडे बघत राहिली. मग तिने आपल्या ओढणीने फळी पुसली, खोलीच्या मधोमध, जिथे खिडकीतून ऊन येत होतं तिथे, सिमेंटवर मांडली आणि दोन्ही हात पुढे केले.

"बसा," ती मराठीतच म्हणाली.

म्हातारी आधी फळीकडे, मग मुलीकडे बघत राहिली. मग नूपुरचे हात धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशी सावकाश खाली बसली. नूपुर तिच्यासमोर नुसत्या सिमेंटवर मांडी घालून बसली. दोघींच्या मध्ये थर्मासच्या झाकणातला चहा. आनेकेचा हात फळीच्या वाकड्या कडेवरून फिरत होता.

"बाळू," सिराजुद्दीन हळूच म्हणाला, "यल्ला, चल, नवा प्रोफेसर विमानतळावरून निघाला असंल. केळी ठेव फ्रीजात."

"हो," बाळकृष्ण म्हणाला. पण तो हलला नाही. खाली वाकून त्याने कामाचे जाड बूट सोडले, मोजे काढले, आणि दुसऱ्याच्या घराच्या गार फरशीवर अनवाणी, फोनच्या पडद्यासमोर हात जोडून उभा राहिला. पलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आता माझं मागणं. तुमच्या घरी पाट असतोच. कधी कुणासाठी तो मांडाल, तेव्हा क्षणभर हेंक नावाच्या एका माणसाची आठवण काढा. तो ना आपल्या गावचा, ना आपल्या भाषेचा, आणि त्याची सगळी फरशी उखडून गेली. एक फळी तेवढी राहिलीय, ग्रोनिंगनला, आमच्या नूपुरच्या खोलीत. थोडी वाकडी आहे. पण बसता येतं.